खात्री झाली की कळवायचं

खात्रीमामूंच्या हातात पाण्याचा तांब्या दिला की ते आधी त्यात वाकून बघत, मग देणाऱ्याच्या तोंडाकडे बघत आणि मगच पाणी पीत. लग्न होऊन मी हिंगोलीत नवीनच आले होते. मला वाटलं, यांना माझ्या हातचं चालत नाही की काय. आमच्या ह्यांना विचारलं तर ते हसले. म्हणाले, "अगं, त्यांचा विहिरीवरसुद्धा विश्वास नाही. तू कोण लागून गेलीस?"

मामू धंद्यानं दर्जी. त्यांचं घराणं पिढ्यान्‌पिढ्या इथल्या छावणीत शेरवान्या शिवत आलेलं. आमच्या गल्लीच्या तोंडाशी त्यांचं दुकान होतं, म्हणजे एक मशीन, एक स्टूल आणि खिळ्याला टांगलेली कात्री. खरं नाव कुणी घेत नसे. कुणी काहीही सांगितलं, की गाडी आली, की अमक्याला मुलगा झाला, की मामूंचा पहिला शब्द "खात्री केली का?" असा असायचा. कचेरीची घंटा वाजली की ते ती स्टेशनच्या घड्याळाशी ताडून येत, आणि स्टेशनचं घड्याळही मागं असतं असं घरी येऊन सांगत.

माप ते तीनदा घेत. आमच्या ह्यांच्या कोटाचं माप घेताना मी त्यांना विचारलं, "मामू, एकदा घेऊन भागत नाही का?" त्यावर ते टेप गळ्यात टाकून म्हणाले, "मास्तरीणबाई, पहिल्या खेपेला मानूस पोट आत घेतो. दुसऱ्या खेपेला छाती फुगवतो. तिसऱ्या खेपेला कटाळून इसरून जातो. ते माप बराबर." ह्यांनी तिन्ही वेळा काय केलं ते मी बघितलं होतं. मामूंचं म्हणणं अक्षरशः खरं होतं.

सुगी आटोपली की गावाबाहेरच्या मैदानात बोलपटाचा तंबू पडायचा. त्या दिवसांत मामू दिवेलागणीच्या खेळाला दारावर उभे राहून तिकिटं फाडत. खेळ सुरू झाला की त्यांचं काम संपे. मग ते समोर बसायचे नाहीत, पडद्याच्या मागं जाऊन बसायचे. पडदा पाणी मारून ओला केलेला असे, त्यामुळे चित्र मागूनही स्वच्छ दिसे. मागं बसणाऱ्यांना अक्षरं उलटी दिसत, पण तिथं बसणाऱ्यांपैकी अक्षरं वाचायची होती कुणाला? मामूंना मात्र वाचता येत होतं, तरी ते मागंच बसत. "समोरून समदेच चांगले दिसतात," ते म्हणायचे. "मागून बघावं."

तिथं बसून ते नायकाकडे बघतच नसत. नायक आला की डोळ्यांपुढं आडवा तळहात धरायचा आणि कडेला उभ्या असलेल्या नोकराकडे, मुनिमाकडे, नायिकेच्या मुक्या काकाकडे बघायचं. त्यांचं गणित सरळ होतं. "हिरोला ठाऊक असतंय, लोक बघून राहिले. बाजूच्याला वाटतंय आपल्याकडं कुनाचंच ध्यान न्हाई. मानूस खरा का खोटा, ते तिथं कळतंय."

यातूनच त्यांचा बिल्ला निघाला. माझ्या लग्नाच्या बऱ्याच आधीपासून ते दर साली बोलपटातल्या एका बाजूच्या माणसाला चांदीचा बिल्ला देत. जुन्या शेरवान्यांची चांदीची बटणं साठवायची आणि तंबू उठला की ती सोनाराकडे नेऊन पेढ्याएवढा बिल्ला करून घ्यायचा. त्यावर एकच शब्द कोरलेला, 'बाजूवाला'. सोनार ओळखीतला, तरी चांदी वितळेपर्यंत मामू त्याच्या भट्टीसमोरून हलत नसत. मग बिल्ला कंपनीच्या पत्त्यावर मुंबईला किंवा कोल्हापूरला जायचा. सोबतची चिठ्ठी सुरुवातीला ते स्वतः लिहीत, पण अक्षर असं की माझ्या लग्नानंतरच्या पहिल्याच साली बिल्ला परत आला. मामूंचा संशय पोस्टमनवर. मी वाचून पाहिली तर ती चिठ्ठी मलाही अर्ध्या तासानं लागली. तेव्हापासून चिठ्ठ्या मी लिहायला लागले.

मी ओट्याच्या आत बसायची, मामू बाहेर, आणि ते तोंडानं सांगत. नट का निवडला हे मात्र कधी सांगत नसत. "ते माझ्यापाशी," म्हणायचे. एका म्हाताऱ्या नटाचं उत्तर आलं ते अजून आठवतं. बिल्ला पोचला, पण आपण मला ओळखत नाही, आपला यात हेतू काय आणि पुढे काय मागणार, ते आधी कळवावं, असं त्यानं लिहिलं होतं. मला राग आला. मामू मात्र इतके खूश झाले की ते पत्र दुकानात चिकटवून ठेवलं. म्हणाले, "ह्यो मानूस अस्सल हाय. बघा, खात्री करून राहिला."

मग ते साल आलं. अठ्ठेचाळीसचा सुरुवातीचा काळ. निजामी अंमल शेवटचे हातपाय झाडत होता, आणि कोण कुणाचा माणूस हे कुणालाच कळत नव्हतं. भाजी घेतानासुद्धा आम्ही बायका हळू बोलायचो. माझा धाकटा भाऊ दत्ता शिरड शहापूरहून निघून हद्दीपलीकडे वऱ्हाडात गेला होता. पत्रकं घेऊन इकडे आला आणि पोलीस मागे लागले म्हणून आमच्या माजघरात लपला. आठ दिवस म्हणता म्हणता तीन आठवडे झाले. त्या मोसमात मी तंबूत पाऊल टाकलं नाही. दारावर थाप पडली की मी आधी माजघराचं दार ओढून घ्यायची.

एका दुपारी मामू माझं पोलकं घेऊन आले. पाणी प्यायले, तांब्यात बघून. आणि मग सहज विचारल्यासारखं म्हणाले, "मास्तर तर शाळेत. मंग दोन ताटं काहून खरकटी?"

"शेजारच्या काकू जेवल्या," मी म्हणाले.

"बरं," म्हणाले आणि गेले. जाताना त्यांची मापाची वही ओट्यावर राहिली.

मी ती उघडायला नको होती. पण ताटांचं बोलणं डोक्यात घोळत होतं. मापांच्या पानांमध्येच एक पान त्यांच्या त्या वेड्यावाकड्या अक्षरात लिहिलेलं होतं. त्यांचं अक्षर गावात फक्त मलाच लागायचं. वर नाव नाही, गाव नाही. लिहिलं होतं, "डावखुरा. जेवताना मान खाली. दारावर थाप पडली की हात थांबतो, पन आधी दाराकडं बघत न्हाई, भैनीकडं बघतो. भैन काई बोलत न्हाई. ह्यो कायतरी लपवून राहिला. अजून दोन खेपा बघायचं. खात्री झाली की कळवायचं."

माझा दत्ता डावखुरा होता. त्यापायी लहानपणी आईचा मार खाल्लेला. आणि थाप पडली की तो खरंच आधी माझ्याकडे बघायचा. मी वही मिटली आणि होती तशी ओट्यावर ठेवली.

घटकाभरात मामू धापा टाकत परत आले. "माझी वही... कुनी उघडली का?"

"नाही," मी म्हणाले.

एरवी त्यांनी दुसऱ्यांदा विचारलं असतं, तिसऱ्यांदा विचारलं असतं. त्या दिवशी वही काखेत मारली आणि गेले. मला त्यातही डाव दिसला.

दत्ता त्याच दुपारी कळमनुरीकडे जाणाऱ्या हळदीच्या गाडीत पोत्यांआड बसून निघाला आणि पैनगंगा उतरून पलीकडे सुखरूप गेला. इथपर्यंत मी केलं त्यात मला आजही चूक वाटत नाही. पण मी तेवढ्यावर थांबले नाही. शेजारच्या काकूंना म्हणाले, "सांभाळून राहा. त्या दर्ज्याच्या वहीत आपल्या घरातली माणसं लिहिलेली आहेत." मामू म्हणाले नाही, दर्जी म्हणाले. इतकी वर्षं ज्यांच्या चिठ्ठ्या लिहिल्या त्यांना जाऊन एकदा विचारावं, हे माझ्या मनातही आलं नाही. ते मुसलमान होते, आणि त्या साली मला तेवढा पुरावा पुरला. खरं ते हेच.

योग असा, की पुढच्याच आठवड्यात पोलिसांनी मामूंना कचेरीत बोलावलं. मुंबईला चांदी कुणाला पाठवतोस, हा सवाल. दोन दिवस बसवून ठेवलं. गावानं मामू कचेरीत जाताना पाहिले आणि काकूंनी सांगितलेलं खरं ठरलं. महिनाभरात त्यांच्या दुकानात शिवायला एक कपडा राहिला नाही. सोनारानंही, वेळ नाही म्हणून, बटणं परत केली. हे कुणी उठवलं म्हणून मामू बापडे पोस्टमनवर संशय घेत राहिले, सोनारावर घेत राहिले, तंबूच्या मालकावरही घेतला. आमच्या ओट्यावरून जाताना मात्र पूर्वीसारखा सलाम करायचे.

सप्टेंबरात निजामी अंमल गेला. गावात मिरवणुका निघाल्या. त्या आनंदात चार पोरांनी मामूंचं मशीन उचलून रस्त्यावर आपटलं. मी दाराच्या फटीतून पाहत होते. कडी माझ्या हातात होती. मी ती काढली नाही.

दोन दिवसांनी मामू आले. अंगावर प्रवासाची शेरवानी, हातात बोचकं. मी पाणी दिलं. तांब्यात न बघता प्यायले.

"भाऊ पोचला का बराबर?" त्यांनी विचारलं.

मी रिकामा तांब्या उचलून घेतला.

"ताटं बघूनच म्या वळखलं होतं. कचेरीत इचारत होते, मास्तराच्या घरी कोन येतं म्हनून. म्या म्हनलं, साहेब, म्या खात्री केली न्हाई, आन् बिनखात्रीचं म्या बोलत न्हाई." एवढं बोलून त्यांनी बोचक्यातून कापडाची पुरचुंडी काढली. आत बिल्ला होता. नांदेडच्या सोनाराकडून करून आणला होता. वहीतलं एक पान फाडून सोबत ठेवलं होतं. "औंदाचा. पोराचं नाव मला ठाऊक न्हाई. तंबू आला की मालकाला इचारा, चिठ्ठी लिवा आन् धाडून द्या. तकलीफ देऊन राहिलो."

"मी पाठवला की नाही, हे तुम्हाला कसं कळणार?" मी विचारलं. काहीतरी बोलायचं म्हणून विचारलं.

"तुमची कसली खात्री करायची, मास्तरीणबाई?" म्हणाले आणि स्टेशनच्या वाटेला लागले. लेकीकडे जातो म्हणाले, पण लेक कुठल्या गावी ते मी विचारलं नाही.

आता सांगायला लाज वाटते, पण मी तेव्हाही त्यांच्यावर विश्वास ठेवला नाही. राज्य बदललं म्हणून हा माणूस गोड बोलतो आहे, असंच वाटलं. ते पान मी उघडलंही नाही. बिल्ल्यासकट डब्यात टाकून दिलं.

सुगीनंतर तंबू पडला. पहिलाच बोलपट गेल्या मोसमातला, लोकांच्या आग्रहानं परत आणलेला. मी बायकांच्या बाजूला बसले होते. नायकाचं काय चाललं होतं ते आठवत नाही. मधेच एक स्वयंपाकघर आलं. घरचा धाकटा मुलगा खाली मान घालून जेवत होता. दारावर थाप पडली. त्याचा हात थांबला. त्यानं दाराकडे पाहिलं नाही, आधी बहिणीकडे पाहिलं. बहीण काही बोलली नाही.

वहीतलं पान मला शब्दन्‌शब्द आठवलं. तरी मनातला वकील हटेना. तो म्हणाला, हा मुलगा तर उजव्या हातानं जेवतोय, वहीतला डावखुरा होता. मी उठले. बायका "काहून उठल्या?" म्हणत राहिल्या. कनातीच्या कडेनं अंधारात चाचपडत मी पडद्याच्या मागं गेले. तिथं मातीत बसलेल्या माणसांनी सरकून जागा दिली. दृश्य अजून चालू होतं. पडद्याच्या या बाजूनं तो मुलगा डाव्या हातानं भाकरी मोडत होता.

घरी येऊन डबा उघडला. फाडलेलं पान तेच होतं.

बिल्ला मी पाठवला. त्या नटाचं पत्र आलं. त्यात त्यानं लिहिलं होतं की, त्या प्रसंगात माझ्याकडे कुणी पाहिलं असेल असं मला वाटलं नव्हतं, ज्यांनी पाहिलं त्यांना माझा नमस्कार सांगा. मी परभणीला विचारलं, नांदेडला विचारलं. पण खात्रीमामू म्हणून कुणाला ठाऊक असणार, आणि खरं नाव मी कधी विचारलंच नव्हतं. काकूंना मी सगळं सांगितलं. त्या म्हणाल्या, जाऊ दे, झालं ते झालं.

पत्र अजून माझ्यापाशी आहे, पानही आहे. खात्री झाली की कळवायचं, असं मामूंनी त्यावर लिहिलं आहे. माझी खात्री झाली तेव्हा गल्लीच्या तोंडाशी नुसता एक खिळा होता, आणि त्याला कात्रीही टांगलेली नव्हती.