खिडकीजवळची गरम खुर्ची

भूत, बाधा, अंगात येणं… असल्या गोष्टींवर माझा कधीच विश्वास नव्हता. रानात एकटीने राखण केलेली बाई मी. कुणी असलं काही सांगायला लागलं की मी उठून कामाला जायचे. पण हे माझ्याच हाताला लागलं, म्हणून लिहिते.

कामथडीला, हायवेच्या सर्व्हिस रोडला माझ्या मुलाचा हॉल आहे. माझी नात पल्लवी पुण्यातली नोकरी सोडून आली आणि तिने तिथे को-वर्किंग काढलं. म्हणजे टेबलं, खुर्च्या, वायफाय, एसी — कुणीही यावं, भाडं द्यावं, आपला लॅपटॉप घेऊन बसावं. सकाळी कुलूप काढून झाडलोट मी करायची.

खिडकीजवळची एक खुर्ची रोज गरम लागायची. थंडीतसुद्धा, ऊन पोचायच्या आधी. आत्ताच कुणी उठून गेल्यासारखी. पल्लवीला विचारलं, तर मोबाईलमधून मान वर न काढता म्हणाली, "अगं आजी, ते हॉट डेस्क आहे." हॉट म्हणजे गरम, एवढं मला कळतं. म्हटलं, असेल आत शेगडीसारखं काहीतरी.

पुढे गिऱ्हाईक कमी झालं. मुलगा म्हणाला, "पले, दिवाळीपत्तोर बघ. न्हाईतर हॉल गोडाऊनला देतो, आन् तू जा परत पुण्याला." पुण्याचं नाव काढलं की पोरगी ताटावरून उठायची. एक कंपनी सगळा हॉल घेणार म्हणून माणसं बघायला येणार होती. तेवढीच आशा.

आदल्या दिवशी मी म्हटलं, "ती गरम खुर्ची तेवढी बंद कर गं. लाईटबिल किती येत आसंल!"

पल्लवी पोट धरून हसली. "आजी! हॉट डेस्क म्हणजे जागा कुणाची ठरलेली नसते. येईल तो बसेल. आत काय शेगडी हाय व्हय?"

"मग हात लावून बघ."

तिने हात लावला. हसणं थांबलं.

दुसऱ्या दिवशी दुपारी माणसं आली. त्यातली एक बाई नेमकी त्याच खुर्चीवर टेकली आणि दचकून उभी राहिली. "सॉरी… इथे कुणी बसलंय का?"

पल्लवीच्या तोंडचं पाणी पळालं. मी पुढे झाले. "कोन न्हाई, मीच बसते हितं," म्हणून धपकन बसले आणि ओठांतल्या ओठांत दटावलं, "ऊठ. पोरीचं वाटोळं करू नगंस. ऊठ हितनं."

एसटीत शेजारचं माणूस उठतं ना, तसं माझ्या अंगाला घासून काहीतरी उठलं. खुर्ची गार पडली… विहिरीतल्या दगडासारखी.

कंपनीने हॉल घेतला. पल्लवी इथेच आहे. सगळ्या खुर्च्या भरलेल्या असतात आणि सकाळी सगळ्या गार लागतात.

ते कोण होतं, मला ठाऊक नाही. कुण्या देवऋष्याला विचारलं नाही, विचारणारही नाही. माझं माहेर गुंजवण्याकडचं. धरणासाठी गाव उठलं, तेव्हा आम्हाला निदान कुठं जायचं ते तरी सांगितलं होतं. मी नुसतं ऊठ म्हणाले.

हल्ली हॉलच्या बाहेरची पायरी पहाटे गरम लागते. मी तिच्यावर पाय देत नाही.