विनूचे बोये

दुकानातला फोन वाजला, विनूच असेल म्हणून मी उचलला, तर पलीकडे त्याचा सहकारी. माझा धाकटा भाऊ बंदरावर बोटीत चढता चढताच छाती धरून खाली बसला, तो उठलाच नाही... दीड महिना झाला. अजून माझं कशात चित्त लागत नाही. कापड मोजताना मीटर चुकतात, आणि रडू येण्याऐवजी त्याचा रागच येतो.

देवळीच्या कापडदुकानदाराच्या या पोराने नव्वदच्या दशकात नोकरी धरली ती भर समुद्रात बोये उभे करण्याची. तरंगता पिवळा बोया, खाली तळाशी नांगर, वर वारा मोजायचं यंत्र, दोरावर पाण्याची उष्णता मोजणारी यंत्रं. समुद्र हवेला किती ऊब देतो यावर आपला पाऊस ठरतो, असं तो सांगे. बोया एका जागी टिकतो हे बाबांना पटेना, म्हणून एका उन्हाळ्यात त्याने शेतातल्या विहिरीतच दोराला दगड बांधून रिकामा डबा तरंगत सोडला. दोर उन्हाळ्यातल्या पाण्याइतकाच बेतून कापला. श्रावणात विहीर भरली आणि डबा पाण्याखाली गडप! बाबांची हसून पुरेवाट. "समुद्राले दोर पुरला, अन् आपल्या विहिरीले नाई पुरला काय रे?" विनू दोन दिवस जेवताना मान वर करेना.

पुढे बाबा गेले, आईला अर्धांगवायू झाला. डॉक्टर म्हणाले, रोज चालवा, नाहीतर पाय कायमचा आखडेल. मी कितीही म्हटलं तरी ती खाटेवरून हलायची नाही. विनू मात्र कुठे बोया तुटून वाहत गेला की त्याच्यामागे. किनाऱ्यावर असला की रोज चारला फोन करी, आणि विचारी काय, तर "आईले विचार, हवा कुठून येऊन राह्यली?" आई काठी टेकत अंगणात जाई, पदर वाऱ्यावर सोडून पाही, येऊन सांगे. शेवटच्या फोनवर मी भडकले. "तुले हवेचीच पडली हाय. माय कशी हाय, हे काऊन नाई विचारत?" तो नुसता हसला. मी फोन आपटला.

तो गेल्यापासून आई उठलीच नाही. परवा डॉक्टरांनी पाय पाहिला, म्हणाले, "इतके दिवस कशा चालत होत्या?"

काल चारला मीच विचारलं, "आई, हवा कुठून येऊन राह्यली?" तिने माझ्याकडे पाहिलं, काठी घेतली, अंगणात बराच वेळ उभी राहिली. परत आली, खाटेवर टेकली.

"मावळतीकडून हाय," ती म्हणाली. "मले चालवाले विचारे तो. तुले नाई समजलं का वं?"