आधी तीन दिवे

गंगाधरराव साळवे यांची माझी पहिली भेट आमच्या सहकारी पाणीपुरवठा संस्थेच्या पंपघरात झाली. वर्ष दुष्काळाचे होते आणि मी ऑपरेटरच्या जागेसाठी गेलो होतो. ते संस्थेचे जुने वायरमन. सगळे त्यांना मिस्त्री म्हणत. मोटारीविषयी त्यांनी मला काहीच विचारले नाही. नोंदवही पुढे केली आणि पाच ओळी लिहायला सांगितल्या. अक्षर पाहून ते चिटणिसांना म्हणाले, "ह्याला घ्या. ह्यानं लिहिलेलं मला उद्याबी वाचता यील." त्या दिवसापासून ते मला मास्तर म्हणतात. माझे शिक्षण दहावीच्या अलीकडेच थांबले आहे, हे त्यांना ठाऊक आहे.

पंपघरातल्या फळीवर मिस्त्रींनी तीन दिवे लावले होते, विजेच्या प्रत्येक फेजचा एक. तिन्ही पेटलेले दिसल्याशिवाय स्टार्टरला हात लावायचा नाही, असा त्यांचा दंडक होता. ते स्वतः रोज फळीसमोर क्षणभर उभे राहत. गावातले लोक याला मिस्त्रींची आरती म्हणत आणि प्रसाद कधी मिळणार, असे विचारत. मिस्त्री दिवे पाहून झाले की स्टार्टर दाबत.

त्याच उन्हाळ्यात ते डोळे दाखवायला अंबाजोगाईला गेले असताना एका सकाळी तिसरा दिवा लागला नाही. मी बल्ब बदलून पाहिला. तरीही नाही. न राहवून स्टार्टर दाबला, तर मोटार नुसती घुमत होती, फिरत नव्हती. शेजारच्या चारा छावणीतली जनावरे कोरड्या हौदाभोवती उभी होती. संस्थेचे उपाध्यक्ष तात्या आले. मिस्त्रींचे बसता-उठता नियम असतात, जनावरांना ते कसे सांगायचे, असे त्यांनी मला विचारले. मग मोटारीच्या पट्ट्याला हाताने हिसका देऊन दोन फेजवर मोटार चालू करायला सांगितले. आमच्याकडे बऱ्याच विहिरींवर असे चालते. स्टार्टर सारखा पडून मोटार बंद होऊ नये म्हणून तो सुतळीने बांधतात. मीही बांधला.

मोटार फिरली. आणि तिसरा दिवासुद्धा लागला. फेज परत आला, असे मला वाटले. अँपिअरचा काटा नेहमीच्या खुणेच्या बराच पुढे होता. तो आकडा मी वहीत लिहिला, पण त्याचा अर्थ लावला नाही. हौद अर्धा भरायच्या आत जळका वास आला आणि मोटार बंद पडली.

दुसऱ्या दिवशी संचालकांची बैठक पंपघरासमोर झाली. ऑपरेटरला काढावे, असेच बहुतेकांचे मत होते. तात्या खाली पाहत होते. मी वहीत सगळे लिहिले होते, फक्त कोणी सांगितले ते लिहिले नव्हते. घरात माझ्या एकट्याचा पगार होता आणि तात्यांचे नाव घेण्याचे धैर्य मला झाले नाही. अंबाजोगाईहून परतलेल्या मिस्त्रींनी ते पान वाचले. म्हणाले, "दिवे बघ म्हणून म्या सांगितलं. कशापायी बघायचे, ते न्हाई सांगितलं. चूक माझी हाय."

मग त्यांनी बैलगाडीचे एक जुने चाक खुंटीवर आडवे बसवले, त्यावर पेंडीची पोती ठेवली आणि तात्यांसह तीन संचालकांना चाकाभोवती सारख्या अंतरावर उभे केले. आधी एकालाच ढकलायला आणि ओढायला लावले. चाक जागच्या जागी हलत राहिले. मग तिघांना पाळीपाळीने एकाच दिशेला रेटायला सांगितले. चाक सहज गरगरू लागले, कुठेही न अडखळता. तीन फेज एकामागून एक येतात म्हणून मोठी मोटार स्वतः उठते आणि सारख्या जोराने फिरते, असे त्यांनी सांगितले. मग म्हणाले, "तात्या, आता तुमी बाजूला व्हा."

चाक थांबले नाही. पण उरलेले दोघे घामाघूम झाले.

"असं हाय. एक गेला तरी मोटार फिरती, म्हणून माणूस फसतो. राहिलेल्या दोघांत मोटार जळती. आन् तो तिसरा दिवा मोटारीनंच आपल्या पोटातून लावलता. म्हणून दिवे आधी बघायचे. फिरल्यावर बघून काय उपेग न्हाई."

तात्या अजून बाजूलाच उभे होते. तिथूनच म्हणाले, "पोरानं न्हाई केलं ते. म्या सांगितलतं त्याला." माझी नोकरी राहिली.

मोटार सिरसाळ्याला नेऊन मिस्त्रींनी ओळखीच्या दुकानात स्वतः बसून नव्या तारेने भरली. तीन गुंडाळ्यांचे वेढे त्यांनी मला मोठ्याने मोजायला लावले. तोवर छावणीचे पाणी लोकांनी पोहऱ्याने शेंदले. पहिल्या दोरावर तात्या होते. मोटार परत बसल्यावर मिस्त्रींनी मला रंग आणि ब्रश दिला. भिंतीवर दिव्यांचा नियम आधीपासून लिहिलेला होता. त्याखाली त्याचे कारण मी माझ्या अक्षरात लिहिले. नंतर वायरमनच्या परीक्षेचा अर्जही त्यांनी समोर बसवून माझ्याकडून भरून घेतला.

आता मिस्त्रींना पंचाहत्तर वर्षे पूर्ण होत आहेत. दृष्टी फार मंद झाली आहे. फळीवरचे दिवे त्यांना दिसत नाहीत. तरी ते रोज सकाळी काठी टेकत पंपघराच्या दाराशी येतात आणि विचारतात, "मास्तर, तिन्ही हायत का?" मी फळीकडे पाहतो आणि मगच उत्तर देतो. त्यांची प्रकृती उत्तम राहो आणि हा प्रश्न मला आणखी पुष्कळ वर्षे रोज ऐकू येवो.