गोपाळराव डॉक्टर ऐकतात तेव्हा

गोपाळराव डॉक्टर समोरच्या पेशंटच्या चेहऱ्यावरून नजर हलवत नसत. तुम्ही बोलायला लागलात की ते हातातलं पेन खाली ठेवत, खुर्ची पुढे ओढत आणि "हेळी, हेळी, सांगा," म्हणून तुमच्याकडे असे पाहत राहत की आपल्या पोटदुखीपुढे जगात दुसरं काही नाही असं वाटावं. बंगळुरातल्या शिवाजीनगरच्या मार्केटमागे त्यांचा दोन खोल्यांचा दवाखाना होता. भाजीवाल्या, शिंपी, कचेरीतले कारकून तिथल्या बाकांवर तास तास बसून राहत, ते या नजरेसाठी. "औषध काय, कुणीही देईल. आमचे डॉक्टर ऐकतात," असं आई पाहुण्यांना अभिमानानं सांगायची. ते वाक्य आठवलं की आजही माझ्या अंगावर काटा येतो.

आमचं घराणं बंगळुरात किती पिढ्यांपासून आहे हे माझ्या वडिलांना, अण्णांनाही नीट सांगता येत नसे. डॉक्टरांचंही तसंच. त्यांची मराठी आमच्यासारखीच होती, वाक्यावाक्याला कन्नड शिंपडलेली. मला ते पुट्टी म्हणत, म्हणजे छोटी, आणि मी कॉलेजात जायला लागले तरी पुट्टीच म्हणत राहिले. सात वर्षांची असताना मला विषमज्वर झाला. एकवीस दिवस ते सकाळ-संध्याकाळ सायकलवरून आले. माझ्या छातीला नळी लावून डोळे मिटून ऐकत बसत आणि मग अण्णांना म्हणत, "आत अजून भांडण चाललंय. पण आपली पोरगी हटत नाही." बाविसाव्या दिवशी मी पेज मागितली, तेव्हा दारात उभं राहून त्यांनी डोळे पुसले होते. तेव्हापासून आमच्या घरात देवाच्या खालोखाल त्यांचा शब्द होता.

त्यांच्यावर चिडायलाही कारणं होती. रोगाचं नाव ते कधी सांगत नसत. विचारलं तर म्हणत, "नाव कळून काय करणार? बारसं करायचंय?" बाटलीतलं लाल मिक्श्चर कशाचं, गोळी कशाची, काही कळायला मार्ग नसे. दुसऱ्या डॉक्टरकडे कुणी गेल्याचं कानावर आलं तर बोलत काही नसत, पण पुढच्या वेळी त्याला "आपण" म्हणून इतक्या अदबीनं वागवत की तो माणूस शरमेनं मान खाली घाले. अण्णा घरी येऊन कुरकुरत, "अर्धा दिवस बसवून ठेवतात आणि शेवटी म्हणतात, स्वल्प धीर धरा!" पण जायचे तिथंच.

अलीकडे आणखी एक गोष्ट लोकांना खटकायला लागली होती. कंपाउंडर रामय्या पूर्वी पडद्यामागे औषधं कालवत असे. आता तो डॉक्टरांच्या खुर्चीशी उभा राहायचा आणि पेशंटनं सांगितलेलं सगळं त्यांच्याकडे तोंड करून मोठ्यानं पुन्हा म्हणायचा. "तीन दिवस ताप! रात्री घाम!" बायकांची खाजगी दुखणी बाहेरच्या बाकापर्यंत ऐकू जात. आईनं एकदा रामय्याला सुनावलं, "अरे, दवंडी कशाला पिटतोस?" त्यानं मान खाली घातली, पण पुढच्या बाईचं दुखणंही तसंच ओरडून सांगितलं.

त्या वर्षी मी खोकल्याचं औषध आणायला गेले होते. डॉक्टर पाठमोरे बसून चिठ्ठी लिहीत होते. रामय्याच्या हातातून मोठी बरणी निसटली आणि फरशीवर फुटली. बाकावरची माणसं दचकून उभी राहिली, एक तान्हं मूल किंचाळायला लागलं. डॉक्टर लिहीतच राहिले. त्यांची मानही वळली नाही. औषधाचा ओघळ त्यांच्या बुटापाशी आला तेव्हा त्यांनी खाली पाहिलं, मग रामय्याकडे आणि मग माझ्याकडे. मी काय पाहिलं हे त्यांनी माझ्या चेहऱ्यावर वाचलं असणार.

घरी येऊन मी अण्णांना सांगितलं, "डॉक्टरांना ऐकू येत नाही."

अण्णा जेवता जेवता थांबले. "कामात गुंग असतात ते. ज्या माणसानं तुला मरणाच्या दारातून ओढून आणलं, त्याच्याबद्दल असं बोलतेस?"

"पण अण्णा, नळीतून तरी—"

"पुरे!" ते म्हणाले. तो विषय मी पुन्हा काढला नाही. खरं सांगायचं तर माझाही माझ्यावर विश्वास बसेना. ज्यांना ऐकू येत नाही ते डॉक्टर दवाखाना कसे उघडे ठेवतील?

माझी थोरली बहीण मालती, आमची अक्का, नऊ वर्षांची असताना सांधे सुजून महिनाभर तापानं पडली होती. तेव्हा डॉक्टरांनीच तिला बरं केलं आणि आईला बजावलं, "हिला वर्षातून एकदा माझ्याकडे आणायची. विसरायचं नाही." आई विसरली नाही. दर वर्षी अक्काच्या छातीला नळी लागे, डॉक्टर डोळे मिटत आणि मान हलवत, "सरी, ठीक आहे." बाहेर आल्यावर आई अक्काला मार्केटातून चाफ्याची वेणी घेऊन देई.

बरणी फुटली त्याच्या पुढच्या उन्हाळ्यात म्हैसूरचं स्थळ आलं. अक्का वीस वर्षांची होती, हसरी, पण नाजूक. नळावरून घागर आणली की उंबऱ्यावर टेकून दम खायची. मुलाच्या आईनं तिला पाहिलं आणि अडखळत म्हणाली, "प्रकृती बरी असते ना हो?" अण्णांना राग आला. "आमच्या डॉक्टरांची चिठ्ठीच देतो," ते म्हणाले.

मीही बरोबर गेले. डॉक्टरांनी नळी लावली. पुढून, मागून, पुन्हा पुढून. त्या दिवशी त्यांनी फार वेळ लावला. कपाळावर घाम होता. ते भिंतीकडच्या टेबलाशी वळले तेव्हा मी हाक मारली, "डॉक्टर!" ते वळले नाहीत. मी जरा मोठ्यानं म्हटलं, "डॉक्टर!" रामय्यानं माझ्याकडे पाहिलं. त्याच्या डोळ्यांत विनवणी होती. अण्णांनी माझं मनगट घट्ट धरलं. डॉक्टर चिठ्ठी घेऊन वळले आणि हसून म्हणाले, "छाती स्वच्छ आहे. रक्त स्वल्प कमी, लोहाचं औषध देतो. लग्नाचे लाडू मात्र पहिल्यांदा माझ्याकडे यायला हवेत, पुट्टी."

घरी परतताना मी अण्णांना म्हटलं, "एकदा मोठ्या इस्पितळात दाखवू या."

"आणि उद्या ते गोपाळरावांना कळलं तर मी त्यांना तोंड कसं दाखवू?" अण्णा म्हणाले. अक्कानंच मला समजावलं, "जाऊ दे ग. मला काय झालंय?" तिला लग्न हवं होतं. मुलगा तिला आवडला होता.

लग्न झालं. वर्षाच्या आत अक्का सातव्या महिन्यात बाळंतपणाला माहेरी आली. घोड्याच्या जटक्यातून उतरली तेव्हाच तिचे ओठ मला निळसर दिसले. चार पायऱ्या चढायला तिला तीनदा थांबावं लागलं. आडवं पडलं की तिचा जीव घुसमटे, म्हणून ती भिंतीला उशा लावून बसूनच डुलक्या घेई. डॉक्टर घरी आले, नळी लावली, तिच्या चेहऱ्याकडे बराच वेळ पाहत राहिले. "बाळ वर सरकलंय, म्हणून दम लागतो," म्हणाले. पण जाताना दारात थांबले, परत आत आले, पुन्हा नळी लावली. मग सायकल घेऊन गेले. आई म्हणाली, "बघ, किती काळजी आहे त्यांना."

दोन दिवसांनी खोकताना अक्काच्या रुमालावर लालसर फेस आला. तिनं तो आईपासून लपवला, मला दाखवला. मी पदर खोचून निघणार एवढ्यात दार वाजलं. भर दुपारच्या उन्हात रामय्या अनवाणी उभा होता. तो कन्नडमधून बोलला, एका दमात, जणू पुन्हा धैर्य होणार नाही.

"अम्मा, हिला आजच मोठ्या इस्पितळात न्या. डॉक्टरांना ऐकू येत नाही. दोन वर्षं झाली. नळीतून काही म्हणजे काही ऐकू येत नाही. मी त्यांचं मीठ खाल्लंय, पण मलाही मुली आहेत."

अण्णा कचेरीत होते. त्यांची वाट न पाहता मी आणि रामय्यानं अक्काला जटक्यात घातलं. इस्पितळातल्या तरुण बाई डॉक्टरनं नळी लावली आणि क्षणभरात तिचा चेहरा बदलला. "लहानपणी सांधे सुजून ताप आला होता?" तिनं विचारलं. "हृदयाची झडप आवळली आहे. आवाज इतका स्पष्ट आहे! हिला दिवस राहू द्यायलाच नको होते. आजवर कुणी ऐकलंच नाही का?"

मी अक्काच्या पाठीमागची उशी सरळ केली.

मूल वाचलं, मुलगी झाली. अक्का चौथ्या दिवशी सकाळी गेली. शेवटपर्यंत ती बसूनच होती, माझ्या खांद्यावर डोकं टेकून.

तेराव्यानंतर डॉक्टर आमच्याकडे आले. मी दार उघडलं. त्यांचा कोट नेहमीसारखा इस्त्रीचा होता, हातात पिशवी मात्र नव्हती. ते अण्णांसमोर उभे राहिले आणि म्हणाले, "अण्णा, मला काही ऐकू आलं नाही. म्हणून मी म्हणालो, छाती स्वच्छ आहे. दुसऱ्या कुणाला बोलवा, एवढं म्हणायचं होतं. जीभ उचलली नाही. दवाखाना गेला तर मी कोण, असं वाटायचं."

अण्णांनी तोंड भिंतीकडे फिरवलं आणि बोलायला लागले. आयुष्यात कुणाला बोलले नसतील असे शब्द त्यांनी वापरले. डॉक्टर त्यांच्या पाठीकडे पाहत उभे होते. ओठ दिसत नसल्यानं त्यातलं एक अक्षरही त्यांना कळत नव्हतं. थोड्या वेळानं ते म्हणाले, "अण्णा, इकडे बघून बोला. मला ऐकू द्या." अण्णा वळले नाहीत.

त्या आठवड्यात दवाखाना बंद झाला. मग डॉक्टर जुन्या वह्या काढून, ज्यांच्या ज्यांच्या छातीला त्यांनी त्या दोन वर्षांत नळी लावली होती त्यांच्या घरी पायी जाऊ लागले. दारात हात जोडून सांगायचे, "मी तपासलेलं खरं धरू नका. इस्पितळात जाऊन पुन्हा तपासून घ्या." काहींनी दार लावून घेतलं. बहुतेकांनी मात्र त्यांना बसवलं, कॉफी दिली आणि म्हणाले, "ते जाऊ द्या डॉक्टर, आता आलाच आहात तर ही जीभ बघा." काही जणी आईलाच बोल लावत, "तुमच्यामुळे आमचे डॉक्टर गेले." एक म्हातारी तर बंद दवाखान्याच्या पायरीवर रोज येऊन बसायची. मला त्या माणसांची भीती वाटू लागली होती. त्यांना खरं कळलं होतं, आणि तरी त्यांना तेच डॉक्टर हवे होते.

दोन वर्षं गेली. एका रविवारी सकाळी पेपर वाचता वाचता अण्णांच्या हातातून पेपर गळला. छाती धरून ते खाली बसले, चेहरा मेणासारखा पांढरा. मी म्हटलं, "जटका आणते, इस्पितळात जाऊ." त्यांनी माझा हात झिडकारला. "इस्पितळ नको. कुठलाही डॉक्टर नको." मग दातओठ खात म्हणाले, "गोपाळरावांना बोलाव."

आईनं आणि मी एकमेकींकडे पाहिलं. वाद घालायला वेळ नव्हता. मी धावत गेले.

डॉक्टर तसेच घरातल्या धोतरावर आले. अण्णांच्या शेजारी जमिनीवर बसले, मनगटावर तीन बोटं ठेवली आणि त्यांच्या तोंडाकडे पाहिलं. या वेळी अण्णांनी तोंड फिरवलं नाही. "दुखतंय," ते म्हणाले, इतकंच. डॉक्टर म्हणाले, "दिसतंय. माझ्याच्यानं होणारं नाही हे. इस्पितळात जायचं. मी बरोबर येतो." जे आम्हा दोघींचं अण्णांनी ऐकलं नव्हतं, ते त्यांचं मुकाट्यानं ऐकलं. जटक्यात पूर्ण रस्ताभर डॉक्टरांनी त्यांचं मनगट सोडलं नाही.

अण्णांना आत नेल्यावर आम्ही बाहेरच्या बाकावर बसलो. मी डॉक्टरांच्या समोर चेहरा नेऊन म्हटलं, "मला माहीत होतं. अक्काच्या लग्नाआधीपासून. एकदा सांगितलं आणि मग गप्प बसले."

"ठाऊक आहे," ते म्हणाले. "तू आलीस की मी तुझ्या तोंडाकडे पाहायचो. वाटायचं, आता ही विचारील. कुणी एकानं जरी विचारलं असतं, डॉक्टर, तुम्हाला ऐकू येतं का, तर त्याच दिवशी मी कुलूप लावलं असतं. दोन वर्षं वाट पाहिली, पुट्टी. सगळे मला नमस्कार करूनच जायचे."

नर्सनं दार उघडून सांगितलं की एकाला आत जाता येईल. मी हातानं डॉक्टरांना खूण केली. त्यांनी मान हलवली, "तू जा."

अण्णा डोळे मिटून पडले होते. चाहूल लागताच त्यांनी डोळे उघडले आणि माझ्या खांद्यावरून मागे दाराकडे पाहिलं.

"डॉक्टर गेले?"

"नाही. बाहेर बसलेत."

"मग बरं," अण्णा म्हणाले, आणि त्यांनी डोळे मिटले.