तांडा यादीत नव्हता

नाल्याच्या काठावर अठ्ठावीस जनावरं मरून पडली होती आणि आम्ही होतो चौघं. मी सरकारी पशुवैद्यकीय डॉक्टर, मलमपट्टी करणारा माझा ड्रेसर आणि दोन शिपाई. घाटंजी तालुक्यातलं छोटं गाव. पूर आदल्या दिवशी ओसरला होता. बांधलेली जनावरं दावणीलाच बुडाली होती. गावकरी घरातला गाळ उपसत होते. त्यांना हाक मारायची सोय नव्हती.

मेलेलं जनावर लवकर पुरावं लागतं. खोल खड्डा, खाली-वर चुना. खड्डा जेसीबी करतो. पण चिखलात रुतलेला बैल दोर लावून माणसांनाच ओढावा लागतो. मी टेकाडावरच्या बंजाऱ्यांच्या तांड्यात निरोप धाडला. तासाभरात तीसेक माणसं दोर घेऊन उतरली. पुढे प्रेमसिंग होता, चाळिशीचा शेतकरी.

"तुमचं काही नुकसान झालं का?" मी विचारलं.

"नाई मॅडम. पाणी आमच्याकडे आलंच नाई. म्हणून त आलो. याइचं सारं गेलं अन् आमी वरून पाहून राह्यलो, असं कसं चालन?"

चपला काढून सगळे चिखलात उतरायला लागले. मी जिल्हा ऑफिसातल्या साहेबांना फोन लावला.

"सर, ग्लोव्हज आणि गमबूट हवेत. तीस माणसं आहेत."

"स्टाफ किती?"

"चार."

"चार सेट दिलेत ना? व्हॉलंटियर्ससाठी तरतूद नसते. आणि संध्याकाळपर्यंत आटपा. उद्या मंत्र्यांचा दौरा आहे."

मला धास्ती लेप्टो या तापाची होती. उंदरांच्या, जनावरांच्या लघवीतले जंतू पुराच्या पाण्यात मिसळतात आणि पायाच्या जखमेतून अंगात शिरतात. वेळेवर औषध मिळालं तर माणूस बरा होतो. नाही मिळालं तर किडन्या जातात. धोक्यातल्या लोकांना आधीच गोळ्या देता येतात. मी आरोग्य केंद्राला फोन केला.

"गोळ्या पूरग्रस्त गावांना वाटतोय मॅडम. तांडा यादीत नाही."

"अहो, पण माणसं त्याच पाण्यात उभी आहेत."

"मग तसं पत्र द्या."

मी लोकांना एवढंच म्हणाले, "ज्यांच्या पायाला जखम आहे त्यांनी उतरू नका."

प्रेमसिंग हसला. "निंदणाचे दिवस हायेत मॅडम. तन काढून कोनाचा पाय साबूत असन?"

मी रोगाचं नाव घेतलं नाही. माझ्या पायात गमबूट होते.

पाच वाजता शेवटची गाय खड्ड्यात गेली. एका म्हातारीने सगळ्यांना काळा चहा पाजला. मी 'विल्हेवाट पूर्ण' असा रिपोर्ट पाठवला. पत्र उद्या देऊ म्हटलं. दुसऱ्या दिवशी दौरा होता, तिसऱ्या दिवशी पंचनामे. पत्र राहून गेलं.

नवव्या दिवशी प्रेमसिंगला ताप आला. पिंडऱ्या ठणकत होत्या. व्हायरल समजून त्याने दोन दिवस अंगावर काढले. डोळे पिवळे झाल्यावर यवतमाळला नेलं, तोवर किडन्या बंद पडल्या होत्या. तिथे दवाखान्यात चौथ्या दिवशी तो गेला.

मी तांड्यात गेले. त्याची बायको शांता दारातच बसली होती.

"मॅडम, पान्यातून असा रोग होते, तुमाले मालूम होतं काय?"

"हो."

"मंग त्याइले काहून नाई सांगतलं?"

रोगाचं नाव सांगितलं असतं तर निम्मे लोक परत गेले असते, आणि मला संध्याकाळपर्यंत काम संपवायचं होतं. हे मी तिला सांगू शकले नाही. तिने परत विचारलं नाही.

ऑफिसने माझ्याकडून खुलासा मागवला. मी लिहिलं, 'मदतीला मी बोलावलं. धोका माहीत असून पुरता सांगितला नाही. हातमोजे, गमबूट दिले नाहीत.' साहेबांनी कागद परत सरकवला.

"'स्वेच्छेने आले होते' एवढं लिहा. बाकी काढा."

"सर, पण मी बोलावलं होतं."

"तुम्हाला नोकरी करायची आहे ना?"

मी बाकीचं काढलं. तो कागद आजही फाइलला आहे, खाली माझी सही.

पुढच्या पावसाळ्यात नाल्याला पुन्हा पाणी आलं. तांड्यातून कोणी उतरलं नाही. मी निरोपही धाडला नाही. मेलेल्या सहा म्हशी आम्ही चौघांनी तीन दिवस ओढल्या. गाव नाकाला रुमाल लावून बघत होतं. एकजण म्हणाला, "तांड्यातले लोक आता पयल्यासारखे नाई राह्यले."

ते का राहिले नाहीत, ते मी त्याला सांगायला हवं होतं. तेव्हाही मी गप्पच बसले.