गार पांढरा आणि पेंटरमामा

पेंटरमामा गेले त्याला वर्ष होत आलं, तरी त्यांची आठवण आली की आधी डोकंच फिरतं. आयुष्यभर हातात ब्रश धरलेला हा माणूस शेडकार्ड म्हणून उघडायचा नाही. कार्ड पुढं केलं की म्हणायचे, "ते ठेवा तिकडं. खोलीत ऱ्हाणारं माणूस कुठाय?" मग त्या माणसाला भिंतीपुढं खुर्चीत बसवायचं आणि त्याच्या तोंडाकडं टक लावून बघत राहायचं. "भिंत बघायची नसती सायेब. भिंतीपुढचं माणूस कसं दिसतंय ते बघायचं." अहो, पण रंग भिंतीला द्यायचाय ना!

आई दीड महिना दवाखान्यात होती, तेव्हाची गोष्ट. येईल त्याला तिचं एकच विचारणं, "घरला कवा न्यायचं?" डॉक्टर म्हणाले होते, तिनं मनानं उभारी धरली तरच पुढचं सोपं. म्हणून ती यायच्या आत तिची उत्तरेकडची खोली झकास करायचं मी मनावर घेतलं. कागल एमआयडीसीतल्या आमच्या कंपनीच्या नव्या ऑफिसला निळसर झाक असलेला गार पांढरा दिला होता. स्वच्छ, मोकळा, बघत राहावा असा. तोच डबा घेऊन आलो.

मामा अकराला उगवले. चहा प्याले. आणखी एक चहा प्याले. डब्याचं झाकण उघडून आत बघितलं आणि परत लावलं.

"ह्यो न्हाय चालायचा. उत्तरेची खिडकी, ऊन येत न्हाय. त्यात ह्यो निळा पांढरा लावला तर हुडहुडी भरंल."

"मामा, खोलीला हुडहुडी भरत नाही."

"आक्कास्नी भरंल की." आईला ते आक्का म्हणायचे. "थेंबभर पिवळा टाकतो. तुमास्नी कळायचं बी न्हाय."

मी म्हटलं, खबरदार, एक थेंब जरी टाकलात तर! त्यांनी ब्रश फडक्यात गुंडाळला आणि चालू लागले. तिसरा चहा मात्र पिऊन गेले.

दुसऱ्या पेंटरनं दोन दिवसांत काम उरकलं. मी फोटो काढून सगळ्या पाहुण्यांना पाठवले. आईला आणलं तेव्हा ती गाडीतच झोपली होती, तशीच उचलून पलंगावर ठेवली. दुपारी तिनं डोळे उघडले. भिंतींकडं बघितलं, छताकडं बघितलं आणि कूस वळवून म्हणाली, "अजून दवाखान्यातच हाय व्हय रं मी?" परोपरीनं सांगितलं, पण तिला पटेना. जेवणाचं ताट तसंच राहिलं.

झक मारत मामांना फोन केला. वाटलं, चार शब्द सुनावतील आणि कामाला लागतील. छे! आल्या आल्या आईला हॉलमध्ये खुर्चीत बसवलं आणि पुठ्ठ्यावर नमुने लावून तिच्या गालाजवळ धरायला लागले. पिवळा एक थेंब, दोन थेंब, दीड थेंब. दीड थेंब कसा मोजतात, देव जाणे! दोन दिवसांचं काम सहा दिवस चाललं. आई गप्प, मी रजेवर आणि मामा चहावर.

सहाव्या दिवशी खोलीतून एकदम आवाज आला, "आरं मुडद्या, फरशीवर ठिपकं पाडलंस की! माझ्या घरात चालायचं न्हाय असलं!"

मी धावलो. आई दाराची चौकट धरून एकटी उभी होती आणि मामांच्या अंगावर ओरडत होती. दोन महिन्यांत ती कुणावर साधी चिडलीही नव्हती. मला भरून आलं. गॅलरीत जाऊन ढसाढसा रडलो. हातात ओलं फडकं घेऊन मामा मागोमाग आले.

"आवं सायेब, रडताय काय एवढ्यापायी?" ते वैतागून म्हणाले, "ठिपकं निघत्यात की."