रीसेटकाका

अमेरिकेतल्या आयसेलिनच्या मराठी मंडळींत एकनाथरावांना नावाने कोणी हाक मारीत नसे. सगळे त्यांना 'रीसेटकाका' म्हणत, आणि हे बारसे रवी दातारने केले होते.

एकनाथराव सांगलीला इंजिनिअर झाले आणि न्यू जर्सीतल्या एका रुग्णालयाचे बॉयलर सांभाळत निवृत्त झाले. त्यांच्या गॅरेजच्या भिंतीवर प्रत्येक पान्याची आकृती रेखलेली होती. पाना आपल्या आकृतीतच परत गेला पाहिजे. थंडीत कोणाचा घर तापवणारा बॉयलर रुसला की ते पेटी उचलून जात आणि चहाखेरीज काही घेत नसत. पण एकदा दिवाळीच्या कार्यक्रमात सभागृहाची हीट गेली. एकनाथरावांनी सगळे तपासून अखेर एक बटण दाबले, तोच रवीने माईक घेतला. "पाहिलंत? जन्मभराचं इंजिनिअरिंग म्हणजे काय, तर रीसेट!" सभागृह हसले. पत्नी नंदाही हसली. ते हसू एकनाथरावांनी गिळले. पचवले मात्र कधीच नाही.

यंदा संक्रांतीचे हळदीकुंकू रवीच्या घरी होते. त्याच सकाळी त्याचा फोन आला.

"एकनाथराव, बॉयलर बंद पडलाय हो. संध्याकाळी लोक येणार आणि टेक्निशियन मंगळवारशिवाय मिळत नाहीये."

"रीसेट करून पाहिलंत का, रवीसाहेब?"

रवी कसनुसा हसला. "तेच करतोय. दाबलं की थोडा वेळ चालतो, परत बंद."

ते पेटी उचलत असताना नंदा म्हणाली, "तोंड सांभाळा. सण आहे."

"तोंडाचं काम नाही तिथं," एकनाथराव म्हणाले.

रवीच्या तळघरात आंबलेल्या पिठाचा वास भरला होता. बॉयलरच्या खोलीचे दार पट्ट्यांच्या झडपांचे, हवा आत यावी म्हणून केलेले; त्यावर आतून जाड दुलई ठोकली होती आणि कोपऱ्यात इडलीच्या पिठाचे पातेले झाकून ठेवले होते.

"थंडीत पीठ फुगत नाही ना," रवी म्हणाला, "म्हणून खोली पॅक केली. माझीच आयडिया."

एकनाथरावांना दोष उंबरठ्यावरच कळला होता. त्यांनी दुलई ओढून काढली, खिडकी उघडली आणि रवीला काही न सांगता पहिल्यापासून तपासणी मांडली. थर्मोस्टॅट झाला, स्विच झाला. टॉर्च धरून रवी मागे कुडकुडत उभा.

"पाण्याचा दाब किती दिसतो?"

"मला काय कळतं त्यातलं?"

"जरा मोठ्यानं सांगा."

"मला कळत नाही!" रवी ओरडला. जिन्याच्या वरच्या पायरीवर त्याची पत्नी शुभा येऊन उभी राहिली होती.

"आता दाबा तुमचं बटण."

ज्योत पेटली. ती निळी, ताठ असायला हवी होती. ही पिवळी, लोळणारी होती, टोकाला काजळी. एकनाथरावांनी गॅसची कळ बंद केली.

"हवा कोंडली, म्हणून विषारी धूर खोलीत येत होता. तो थांबवायला यंत्र स्वतःहून बंद पडत होतं आणि तुम्ही ते पुन्हा पुन्हा चालू करत होतात. विषारी वायूचा अलार्म नाही वाजला?"

"सारखा बीप करत होता," रवी पुटपुटला. "म्हणून त्याची बॅटरी काढली."

"म्हणून माझं डोकं सकाळपासून भणभणतंय?" वरून शुभा कडाडली. "लाडू वळून दमलीस म्हणत होतात ना तुम्ही?"

"वहिनी, आधी बाहेर मोकळ्या हवेत जा, आणि घरातल्या सगळ्या खिडक्या उघडा," एकनाथराव म्हणाले. मग रवीकडे वळले. "बर्नर काजळलाय. परवानाधारक माणसानं साफ केल्याखेरीज मी गॅस सोडणार नाही."

"म्हणजे मंगळवार? अहो, आज लोक येणार आहेत! तुम्हीच करा ना काहीतरी."

"मी? मला फक्त रीसेट येतं."

नियम खोटा नव्हता. मात्र असे बर्नर त्यांनी आयुष्यभर स्वतःच्या हाताने घासले होते, आणि त्यासाठीचा तारेचा छोटा ब्रश त्यांच्या कोटाच्या खिशात होता.

संध्याकाळी पैठण्यांवर जाकिटे चढवून बायका नवऱ्यांसह आल्या. हळदीकुंकू लावताना शुभा एकेकीला ऐकवत होती: "यांनी हवा कोंडली, अलार्म मुका केला आणि वर रीसेट दाबत बसले! काका आले नसते तर माझ्या फोटोला हार घातला असता तुम्ही."

"अय्या, मग आता रीसेटकाका कोण?" पाहुण्यांतली तरुण चारुता म्हणाली. "रवीकाकाच की!"

हास्याचा लोट उठला. या वेळी नंदाचे हसू सगळ्यांत मोठे होते, आणि एकनाथरावांनी ते शेवटपर्यंत ऐकले.

रवी ताटली घेऊन समोर आला. त्याचे कान लाल झाले होते. "तिळगूळ घ्या, गोड बोला, एकनाथराव."

एकनाथरावांनी लाडू घेतला, निरखला आणि खिशात ब्रशशेजारी नीट ठेवला.

"मंगळवारी खाईन," ते म्हणाले.